तिसऱ्यांदा केलेली खिडकी

दक्षिण बेटावरच्या आमच्या मिल्टन गावाचा मुख्य रस्ता मधोमध वाकडा आहे. दोन्ही टोकांकडून आखणी सुरू झाली आणि मधे गाठ पडली ती चुकूनच, असं गावात सांगतात. खरंखोटं कोणाला माहीत नाही. आम्हा बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट पाहुण्यांना सांगायला एक गंमत मिळते. आयव्हन डॅलग्लीशला मात्र त्या रस्त्याचा मनापासून राग होता. खाटकाकडे जाताना ते वळण आलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "शंभर वर्षं झाली, अजून कोणाला दुरुस्त करावंसं वाटत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आयव्हन दारं-खिडक्या करणारा सुतार. सदतीस वर्षं एकाच कारखान्यात. गावातल्या अर्ध्या घरांच्या खिडक्या त्याच्या हातच्या आहेत आणि त्या पावसाळी हवेत अडकत नाहीत, दक्षिणेचा वारा सुटला तरी वाजत नाहीत. पण त्या मिळायला लोकांनी किती वाट पाहिली ते विचारू नका. टपाल कचेरीमागच्या एका बाईनं दोन हिवाळे भिंतीच्या भोकाला घोंगडी टांगून काढले. ती तक्रार घेऊन गेली की आयव्हन शांतपणे म्हणायचा, "लाकूड अजून वाळतंय." लाकूड वाळत असलं की देवाचंसुद्धा त्याच्यापुढे काही चालायचं नाही. खिळा तर त्याला बघवायचा नाही. सांध्यात सांधा बसला पाहिजे, खिळा हे घाईच्या माणसाचं काम, असं त्याचं मत.

त्याची बायको नोलीन लोकरीच्या गिरणीत होती. तयार कापड उजेडावर ताणून धरायचं, त्यातला सुटलेला नाहीतर तुटलेला धागा हुडकायचा आणि सुईनं तो असा भरायचा की कापडालाही कळू नये, हे तिचं काम. सव्वीस वर्षं केलं. तिच्या खात्याचा मुकादम म्हणायचा की नोलीनच्या नजरेतून जी चूक सुटली ती चूकच नव्हे. घरीसुद्धा तेच. आयव्हन एखादी चौकट करून आणायचा, तिच्यासमोर धरायचा आणि नुसता उभा राहायचा. ती हातातलं विणकाम खाली न ठेवता म्हणायची, "उजवीकडे केसभर खाली आहे." तो लेव्हल लावून बघायचा. केसभर खाली असायची. चाळीस वर्षांच्या संसारात ती या बाबतीत एकदाही चुकली नव्हती. पुढचं सगळं घडलं ते यामुळे घडलं.

नोलीन मूळची उत्तरेची, पार वरच्या बेटावरची, वाइहाऊच्या खाडीकाठची. तिचे वडील तिथल्या दुधाच्या कारखान्यात होते. आयव्हन जवानीत तिकडे बांधकामावर गेला, एका शनिवारच्या नाचाला तिच्या पायावर पाय देऊन बसला, आणि तिला घेऊनच परत आला. त्यानंतर ती माहेरी दोनदाच गेली, वडील गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा. दोन्ही वेळा हिवाळा होता. तिकडे किनाऱ्यावर पोहुतुकावाची जुनी झाडं आहेत, समुद्रावर ओणवी झालेली. डिसेंबरात, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, ती लाल होतात आणि खालच्या वाळूवर लाल सडा पडतो. नोलीन लहानपणी त्या सड्यात झोपायची. लग्नानंतर चाळीस वर्षांत तिनं तो बहर पाहिला नव्हता. नाताळची सुट्टी दोनच आठवड्यांची, त्यात आयव्हनच्या आईकडे जेवण, मग मूल लहान, मग आयव्हनची आई आजारी. असं करत करत चाळीस वर्षं जातात. ती कुरकुर करणारी नव्हती. वर्षातून एकदा, नाताळच्या दिवशी भांडी घासताना म्हणायची, "आत्ता तिकडे लाल झालं असेल." तेवढंच.

म्हणून आयव्हन निवृत्त झाला त्या आठवड्यात त्यानं ठरवलं, की गाडीवर घर बांधायचं आणि तिला बहर दाखवायला न्यायचं. हॉटेलात राहून गेले असते तर आठ दिवसांत जाऊन आले असते, हे आता सगळेच बोलतात. पण आयव्हनसारख्या माणसाला बायकोवरचं प्रेम तोंडानं बोलता येत नाही, ते लाकडातच बोलावं लागतं. त्याला दुसरी भाषाच येत नव्हती.

गाडी मिळाली ती एका बेकरीची जुनी पावाची व्हॅन. पत्रा गंजून जाळी झालेला, पण चेसी ठणठणीत. ही पारख डेस फैतिरीची. डेस शेजारच्या गल्लीतला मेकॅनिक. माणूस गडगड हसणारा, हात कायम काळे, आणि तोंडाला कुलूप नावाची गोष्ट माहीत नाही. त्यानं चालकाच्या खुर्चीमागून सगळी पेटी कापून काढली आणि राहिलेल्या सांगाड्याकडे बघत आयव्हनला म्हणाला, "घे लेका. चार खांब, वर पत्रा, आत गादी. महिन्याभरात निघाल."

"महिन्याभरात कोंबड्यांचं खुराडं होतं," आयव्हन म्हणाला.

"मग नोलीनला विचार, तिला खुराड्यात जायचंय की इथं बसायचंय."

नोलीन तिथंच उभी होती. ती हसली आणि म्हणाली, "मला खिडकी हवी. पलंगाच्या बाजूला, मोठी. पडल्या पडल्या झाडं दिसली पाहिजेत. बाकी खुराडं चालेल."

पण बाकी खुराडं आयव्हनला कसं चालणार? पाडलेल्या एका जुन्या सभागृहाचं रिमूचं लाकूड त्यानं मिळवलं, लालसर, घट्ट, शंभर वर्षं मुरलेलं. दीड वर्ष तो त्या गाडीवर होता. ताटं ठेवायची फळी, तिला प्रत्येक ताटाच्या मापाची खाच. कप्पे असे, की बोटानं ढकलले तर श्वास सोडल्यासारखे बंद व्हावेत. एकही खिळा नाही. गावातले लोक रविवारी चर्चहून येताना त्याच्या शेडमध्ये डोकावायचे आणि म्हणायचे, "आयव्हन, ह्याला चाकं लावलीस हे विसरू नकोस." पहिला डिसेंबर गेला. दुसरा गेला. त्या नाताळलाही नोलीननं भांडी घासताना तिचं ते एक वाक्य म्हटलं. आयव्हननं मान खाली घातली आणि शेडमध्ये गेला.

खिडकी त्यानं मुद्दाम शेवटी ठेवली होती. एप्रिलात, ईस्टरच्या आठवड्यात ती बसली. रुंद, दोन काचांची, मधोमध एक सडपातळ उभी पट्टी. आत पलंग होता, गादी घातली होती. आयव्हननं नोलीनला हात धरून वर घेतलं, उशीला टेकून बसवलं आणि तिच्या हातात चहाचा कप दिला. मग खाली जाऊन, हात मागे बांधून, उभा राहिला. लग्नाच्या दिवशीही तो इतका घाबरला नव्हता.

नोलीननं बघितलं. डोळे बारीक केले, परत बघितलं.

"सुंदर आहे रे," ती म्हणाली. "पण ती मधली पट्टी... तिनं पोट काढलंय."

"कुठं?"

"मधे. डावीकडे फुगलीय."

आयव्हननं दोरी ताणून धरली. पट्टी दोरीला चिकटून सरळ होती. गुण्या लावला, काटकोन चोख. ओळंबा सोडला, चोख. त्यानं नोलीनला दोरी दाखवली. ती म्हणाली, "दोरी पण मला तशीच वाटतेय," आणि हसली. तोही हसला. दोरी वाकडी वाटते म्हणजे काय, हा प्रश्न त्या क्षणी दोघांपैकी एकाला पडायला हवा होता. पण चाळीस वर्षांचा हिशेब असा होता, की नोलीनला वाकडं दिसलं म्हणजे कुठंतरी वाकडं आहे. आयव्हनला वाटलं लाकूड फसवतंय. मापाच्या वेळी सरळ, संध्याकाळी हवा बदलली की फुगतंय. त्यानं पट्टी काढली. नवी केली, सभागृहाच्या तुळईच्या अगदी आतल्या गाभ्यातून, जिथं लाकूड मेल्यासारखं निश्चल असतं. त्याला मे महिन्याचा मध्य उजाडला.

नोलीन पुन्हा पलंगावर बसली. या वेळी तिनं बराच वेळ घेतला. मग ओशाळून म्हणाली, "अजून आहे, आयव्हन. आधीपेक्षा जास्त वाटतंय."

तो तडक डेसकडे गेला आणि त्याला ओढून घेऊन आला. "बघ," म्हणाला. "खरं सांग."

डेसनं एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. "अरे, ही सरळ नसेल तर जगात काहीच सरळ नाही. कोण म्हणतं वाकडी आहे?"

"नोलीन."

डेस गडगडून हसला. "मग खिडकी कशाला बदलतोस? बायकोचे डोळे तपासून आण!"

मस्करी होती. डेसच्या तोंडून दिवसाला पन्नास निघायच्या. पण आयव्हनचा चेहरा एकदम लालबुंद झाला. "नोलीनच्या डोळ्यांबद्दल बोलायचं काम नाही," तो म्हणाला. "तुला काय कळतं? सव्वीस वर्षं गिरणीत तिच्या नजरेखालून कापड गेलंय." डेसनं काळे हात वर केले, "बरं बाबा, चुकलो," म्हणाला आणि गेला. नोलीन तेव्हा घरात चीज रोल भाजत होती. तिनं जेवताना विचारलं, "डेस काय म्हणाला?" आयव्हन म्हणाला, "काही नाही. त्याला काय कळतंय सुतारकामातलं."

तेवढं एक वाक्य त्यानं गिळलं. तिचा अपमान होऊ नये म्हणून गिळलं, हे खरं आहे, आणि मी ते त्याच्या बाजूनं सांगतो. पण गिळलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आयव्हनला वाटायला लागलं की हिला जायचंच नाही. दोन वर्षं ताटकळत ठेवलं त्याचा राग ती या पट्टीवर काढते आहे. एका सकाळी त्याच्या तोंडून ते निघूनही गेलं. "तुला नसेल यायचं तर तसं सांग. माझ्या कामात खोड कशाला काढतेस?" नोलीननं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला जायचं नाही? मला?" आणि उठून मागच्या दारानं कपडे वाळत घालायला गेली. दोन दिवस घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं झालं.

त्यानं तिसरी पट्टी केली. जुलैत, ऐन हिवाळ्यात, बाहेर दव गोठलेलं असताना, बोटं फुटून रक्त येईपर्यंत. ती बसवली आणि या वेळी तिला न बोलावता खाली नुसता बसून राहिला. नोलीन आपणहून आली. पायरी चढताना तिचा पाय एकदा चुकला. ती पलंगावर बसली, खिडकीकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, "आता सरळ झाली."

"नक्की?"

"अगदी सरळ. आता चला, पुरे झालं."

आयव्हन त्या दिवशी शीळ घालत होता. गावानं त्याला शीळ घालताना आधी कधी ऐकलं नव्हतं. खाटकाच्या दुकानात तो कारण नसताना हसला. त्या दिवसाची आठवण पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचायची.

ऑगस्टमध्ये नोलीननं सुईत दोरा ओवणं सोडलं. म्हणाली, चष्मा जुना झालाय. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी चर्चमध्ये ती भजनाचं पुस्तक बंद करून पाठ आहे तेवढं गुणगुणत बसली. आयव्हननं विचारलं तर म्हणाली, "शब्दांच्या मधे काहीतरी येतंय." चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं तिच्या डोळ्यांत बघितलं, चष्मा काही दिला नाही आणि थेट डनीडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली.

डॉक्टर बाई होती, तरुण, शांत आवाजाची. तिनं नोलीनच्या हातात चौकड्यांचा एक कागद दिला, साधा, शाळेच्या वहीसारखा, मधे एक ठिपका. "एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"ठिपका दिसत नाही," नोलीन म्हणाली. "तिथं करडं आहे. आणि बाजूच्या रेघांनी पोट काढलंय."

आयव्हन कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी हातात फिरवत बसला होता. तो शब्द ऐकला आणि त्याचे हात थांबले.

"सरळ रेघा वाकड्या दिसतात, हे कधीपासून?" डॉक्टरनं विचारलं.

"ईस्टरपासून."

"आणि मधे कधी थांबलं होतं? काही दिवस सरळ दिसलं, असं?"

 नोलीननं आयव्हन बसला होता त्या दिशेला तोंड वळवलं, मग परत डॉक्टरकडे. "नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

डॉक्टरनं मग समजावून सांगितलं. डावा डोळा बराच आधी गेला होता, उजव्यानं ते कळू दिलं नव्हतं. आणि आता उजव्यात पडद्यामागे रक्त झिरपून मधला भाग गेला होता. कडेकडेनं दिसत राहील. घरात फिरता येईल. वाचता येणार नाही, शिवता येणार नाही, माणसांचे चेहरे ओळखता येणार नाहीत. "अगदी पहिल्या काही आठवड्यांत आला असतात तर लेझरनं थोपवायचा प्रयत्न करता आला असता. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण प्रयत्न करता आला असता." मग तिनं सहज विचारलं, रागानं नाही, "रेघा वाकड्या दिसत होत्या तर तेव्हाच कसं नाही आलात?"

नोलीन म्हणाली, "आम्हाला वाटलं, खिडकी वाकडी आहे."

साठ किलोमीटर मागे टाकून दोघं परत आले. घराच्या फाटकापाशी गाडी बंद करून आयव्हन म्हणाला, "जुलैत तू सरळ म्हणालीस."

"तू चौथी केली असतीस," नोलीन म्हणाली. "आणि मग पाचवी. मला डिसेंबरच्या आत निघायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं एक आवाज ऐकला आणि लोक आपापल्या दारात आले. आयव्हन डॅलग्लीश खिळे ठोकत होता. उरलेलं सगळं काम, छताचं अस्तर, मागचं दार, गॅसची फळी, स्वस्तातल्या प्लायवूडनं आणि खिळ्यांनी. पुसट निशाणी करायची, कापायचं, ठोकायचं. कपाटाला दार करायला वेळ नव्हता तिथं चहाचा टॉवेल टांगला. कडा जुळत नव्हत्या, तो बघतही नव्हता. डेस न बोलावता आला आणि दोघं आठवडाभर शेजारी शेजारी काम करत राहिले. डेसही मुका झाला होता, यावरून काय ते समजा. शेवटच्या दिवशी ब्रेकचं काम संपवून, हात पुसत तो हळूच म्हणाला, "आयव्हन. मे महिन्यात मी ते बोललो होतो ना..."

"हो."

"मस्करी होती रे. देवाशपथ मला माहीत नव्हतं."

"मला ठाऊक आहे."

"तिला सांगितलं होतंस?"

आयव्हननं नकारार्थी मान हलवली.

"मग आता सांग," डेस म्हणाला. "हे तुझ्याच्यानं पोटात ठेवून चौदाशे किलोमीटर गाडी चालवणं व्हायचं नाही."

पण आयव्हननं नाही सांगितलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते निघाले. क्राइस्टचर्चला नाही सांगितलं, पिक्टनच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत तीन तास होते तिथं नाही, उत्तरेच्या बेटावर उतरून चार दिवस गेले तेव्हाही नाही. नोलीन शेजारच्या खुर्चीवर बसून त्याला विचारायची, आता काय दिसतंय, आता काय. आयव्हन म्हणायचा, "टेकडी आहे. मेंढ्या आहेत." ती म्हणायची, "कसली टेकडी?" तो विचार करून म्हणायचा, "हिरवी." मग ती पोट धरून हसायची आणि त्याला वाटायचं, आत्ता नको. हसतेय तोवर नको.

आणखी एक गोष्ट त्याला खात होती. नोलीन त्याच्याशी बोलताना तोंड भलतीकडेच वळवायची. तो उजवीकडे असला की ती डावीकडे खिडकीबाहेर. चाळीस वर्षं ती डोळ्यात डोळे घालून बोलली होती. तिला आतून सगळं कळलंय आणि ती आपल्याकडे बघायला तयार नाही, असं त्यानं मनाशी धरलं.

वाइहाऊला ते पोचले तेव्हा दुपार होती आणि किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होता. आयव्हननं असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं गाडी वाळूच्या कडेला गवतावर अशी लावली की पलंगाची खिडकी नेमकी एका थोरल्या झाडासमोर यावी. नोलीन आत जाऊन पडली. खिडकीसमोर तोंड केलं, मग हळूहळू मान फिरवली, पार भिंतीकडे, आणि तिथं थांबली.

"अगं, झाड इकडे आहे," आयव्हन म्हणाला.

"सरळ बघितलं की करडा डाग," ती म्हणाली. "असं दुसरीकडे बघितलं की कडेनं येतं. आलं बघ! लाल आहे, आयव्हन. खूप लाल आहे!" तिचा आवाज एखाद्या पोरीसारखा झाला. "तुझ्याकडे पण मी असंच बघते. तुला काय वाटलं, रुसलेय?"

 आयव्हन पायरीवर बसला. रात्र त्यानं कशी काढली कोण जाणे. सकाळी तिच्या हातात चहा दिला, बाहेर गवतावर खुर्च्या मांडल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डेस काय म्हणाला ते, शब्दाला शब्द. तिनं जेवताना विचारलं होतं ते. त्यानं काय उत्तर दिलं ते.

नोलीननं कप गवतावर ठेवला. तो कलंडला, तिला कळलं नाही.

"मे महिन्यात?"

"हो."

"मी जुलैत खोटं बोलले ते आपण निघावं म्हणून. तू गप्प कशासाठी बसलास?"

"तुझ्या डोळ्यांना कोणी नावं ठेवलेली मला सहन झाली नाहीत."

"ठेवायची होतीस," नोलीन म्हणाली. "तू स्वतः ठेवायची होतीस नावं! मूर्खा! एक लाकडाची पट्टी तीन तीनदा केलीस आणि मला एक वाक्य सांगितलं नाहीस." मग ती रडली, मोठ्यानं, तोंड न झाकता. त्यानं खांद्यावर हात ठेवला तो तिनं झटकला. उठली, गाडीच्या कडेला हात लावत लावत मागच्या बाजूला गेली आणि दुपारपर्यंत तिथं एकटीच बसून राहिली. आयव्हन झाडाखाली जाऊन उभा राहिला, कारण दुसरीकडे कुठं जावं हे त्याला कळत नव्हतं. वरून फुलांचे बारीक लाल तुरे त्याच्या टोपीवर पडत राहिले.

उन्हं कलायच्या आधी तिनं हाक मारली. "आयव्हन! कुठं आहेस?"

"इथं. झाडाखाली."

"तिथंच थांब. हलू नकोस."

ती गाडीला धरून पुढे आली. दहाएक पावलांवर थांबली. तिनं तोंड डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग मान वर करून, मग खाली करून बघितलं. फार वेळ बघितलं.

"झाड दिसतंय," ती म्हणाली. "खाली काहीतरी उभं आहे तेही दिसतंय. चेहरा नाही सापडत. सकाळपासून तुझा चेहरा कसा झालाय ते मला बघायचं होतं. मला वाटलं, उजेड चांगला आहे, निदान एकदा तरी."



"माझा राग जायचा नाही इतक्यात," नोलीन म्हणाली. "पण आता तू तोंड कसंही कर, मला काय कळणार? म्हणून तू सांगायचं. इथून पुढे सगळं सांगायचं, लहानमोठं, मला बरं वाटेल न वाटेल. ऐकतोयस ना?"

"हो."

"मग सांग. आत्ता कसा आहे चेहरा?"

आयव्हननं टोपी काढली. सदतीस वर्षं ज्या माणसानं फक्त मापं सांगितली होती, त्याला शब्द सापडायला वेळ लागला.

"रडतोय," तो म्हणाला. "आज सकाळपासून रडतोय, नोलीन."

ती मान भलतीकडे वळवून, त्याच्याकडे बघत, तशीच उभी राहिली.